आग्ये सर्प आणि नारू

हुक्कत पाराशाचा पाठ चालू असता आमच्या रविवारच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने प्रश्न केला, "साप चावले हे समजले, पण त्यांना आग्ये का म्हटले आहे?" राशीचे उत्तर आम्ही सांगितले : त्यांच्या विषाने अंगाची आग होई, म्हणून. त्यावर दुसऱ्याने कोठेसे वाचलेली माहिती पुढे केली की, ते साप नव्हतेच, तो एक जंत होता. वर्गात हशा पिकला. परंतु नातवाला न्यावयास आलेल्या एक आजीबाई दारातूनच म्हणाल्या, "अरे, नारू म्हणतोय तो!" त्या खोलीत हा शब्द ठाऊक असणारे आम्ही दोघेच होतो.

ज्या रोगाने आपल्या देशी शतकानुशतके माणसे अंथरुणास खिळविली, त्याचे नावही येथे वाढलेल्या पिढीस ठाऊक नसावे, हे एका परीने सुदैवच. तथापि तो गेला कसा, हे त्यांना सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नारू म्हणजे दोराप्रमाणे बारीक कृमी. दूषित पाणी प्याल्यावर सुमारे एक वर्ष काहीच कळत नाही. मग पायावर फोड येतो, भयंकर आग होते, फोड फुटतो आणि त्यातून पांढरा दोरा डोकावू लागतो. मादीची लांबी 60 ते 100 सेंटिमीटरपर्यंत भरते. ती ओढून काढता येत नाही, कारण तुटली तर जखम चिघळते. म्हणून काडीवर गुंडाळीत, रोज दोन-चार बोटे, असा तो अनेक दिवस काढीत बसावे लागे. आपल्या वैद्यकात यास 'स्नायुक' म्हटले आहे. गावोगाव हे काम करणारी हातखंडा माणसे असत. ऐन पेरणीच्या अगर कापणीच्या दिवसांत घरचा कर्ता पुरुष असा महिना महिना बसून राहिला म्हणजे त्या घराची काय दशा होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तोरातील आग्ये सर्प म्हणजे नारूच, असे युरोपातील काही विद्वानांनी पूर्वी सुचविले आहे. हा रोग त्या भूमीत प्राचीन काळी होता, यात शंका नाही. 1975 साली मँचेस्टर येथे एका इजिप्ती किशोरवयीन मुलीचे शव गुंडाळ्यांतून सोडविण्यात आले, त्यात दगडासारखा झालेला नारू सापडला. तरीही ही उपपत्ती आम्हांस पटत नाही. गणनेच्या एकविसाव्या अध्यायात पुष्कळ लोक मेल्याचे स्पष्ट लिहिले आहे. नारू माणसाला पांगळा करतो, मारतो क्वचितच. पितळेच्या सर्पाकडे पाहून बरे होणे आणि काडीवर दोरा गुंडाळणे यांतही आम्हांस साम्य दिसत नाही. मुलाची जिज्ञासा मात्र स्तुत्य होती, आणि ती आपल्या मुंबईच्या इतिहासाकडे घेऊन जाते.

मुंबई सैन्यातील पलटणींच्या वैद्यकीय अहवालांत नारू वारंवार भेटतो, आणि याच पलटणींत आपले कितीतरी पूर्वज चाकरीस होते. याच सैन्यातील सर्जन हेन्री जॉन कार्टर यांनी 1850 नंतरच्या दशकात मुंबईच्या तळ्यांतील सूक्ष्म कृमींचा अभ्यास केला. एका शाळेतील पन्नास मुले एका तळ्यात आंघोळ करीत, त्यांपैकी एकवीस जणांना वर्षभरात नारू झाला. कार्टर यांनी अनुमान काढले की, तळ्यातील कृमी त्वचेतून शिरतात. निरीक्षण चोख होते, अनुमान चुकले. पोहताना मुले पाणी गिळतात, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानी आली नाही. (आम्ही तीस वर्षे शाळेत काढली असल्याने ती आम्हांस लगेच सुचली, एवढीच आमची बढाई!)

खरा मार्ग 1870 च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यांना तुर्कस्तानात दिसला : नारूची पिले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या किड्याच्या पोटात शिरतात. तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. पुढे 1905 मध्ये लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयाने रॉबर्ट लायपर यांना पश्चिम आफ्रिकेत अक्रा येथे धाडले. जठररसासारख्या सौम्य आम्लात सायक्लॉप्स मरतो, परंतु त्याच्या पोटातील पिले उलट चपळ होतात, हे त्यांनी दाखविले. तसे किडे माकडाला खाऊ घातल्यावर काही महिन्यांनी त्याच्या शरीरात नारू सापडले. हाफकिन साहेबांच्या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेत डॉ. तुर्खुड यांनीही नारूवर प्रयोग केले. लंडनच्या त्या विद्यालयाची केपेल स्ट्रीटवरील इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या सज्जांवर पिसू, डास, उंदीर, साप सोनेरी मुलाम्यात बसविले आहेत. सायक्लॉप्सला तेथे जागा द्यायला हवी होती, असे आमचे मत आहे.

कारण कळले तरी रोग हटला नाही. नारूवर लस नाही, औषधही नाही. मुंबईत नळाचे पाणी आले तसा तो मागे हटला; उमरखाडीत राहिलेल्या आपल्या आजी-पणजींना त्याचा लाभ झाला. खेड्यांत मात्र बारवा तशाच राहिल्या. पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागर भरावयाची. आग शमावी म्हणून रोगी तोच पाय पाण्यात बुडवी, आणि नारू तेथेच आपली हजारो पिले सोडी. तेच पाणी गाव पिई. भारत सरकारने 1983 च्या सुमारास निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेतली, तेव्हा देशात वर्षाला सुमारे 40,000 रोगी होते आणि महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. उपाय साधेच : बारवांच्या पायऱ्या बंद करणे, हातपंप बसविणे, किडे मारणारे द्रव्य पाण्यात टाकणे, आणि फडक्याने पाणी गाळून पिणे. शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

जगात 1986 साली सुमारे 35 लाख रोगी होते. त्या वर्षापासून अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने हे काम नेटाने चालविले. (कार्टर हे आडनाव या रोगास चिकटलेलेच दिसते.) नारूसारखे गरिबांचे रोग आता 'उपेक्षित उष्णकटिबंधीय रोग' या नावाने ओळखले जातात. ज्यांना होतात त्यांच्याजवळ औषध विकत घेण्यास पैसा नाही, म्हणून औषधकंपन्यांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्यांना मताची किंमत नाही, म्हणून राज्यकर्त्यांनी नाही. 30 जानेवारी 2012 रोजी येथे लंडनमध्येच अशा दहा रोगांविषयी जाहीरनामा निघाला आणि नारूच्या उच्चाटनास 2015 ही मुदत दिली गेली. ती टळली. चाड देशात कुत्र्यांनाही नारू होतो असे आढळून आल्यापासून काम अवघड झाले आहे. 2023 मध्ये जगभरात 14 माणसांना तो झाला. आपल्या हयातीत शेवटचा नारू मरावा, ही जिमी कार्टर यांची इच्छा होती. डिसेंबर 2024 मध्ये ते वारले, नारू उरलाच.

त्या आजीबाईंनी पुढे सांगितले की, त्यांच्या वडिलांच्या घोट्यावर नारूचा वण होता आणि घरात पाणी गाळल्यावाचून माठात पडत नसे. अशा आठवणी ज्या वाचकांच्या घरी असतील, त्यांनी गावाच्या नावासह आम्हांस लिहून कळवाव्यात. मराठीत लिहिणे जड जात असेल तर सांगाव्यात, आम्ही लिहून घेऊ.