गाडीवरचं चायनीज : कारणे द्या



शाळेची इमारत, स्नेहसंमेलनं आणि सरांची छडी यांवर स्मरणिकेत बरेच जण लिहिणार हे उघड आहे. म्हणून मी शाळेच्या फाटकाबाहेरचा विषय घेतला. आपण माध्यमिक शाळेत होतो त्याच वर्षांत डोंबिवलीत एक नवी गोष्ट गल्लोगल्ली उभी राहिली : चायनीजची गाडी. लाल रंग, त्यावर पिवळा ड्रॅगन, 'नुडल्स' आणि 'शेजवान' यांचं दर गाडीला वेगळं शुद्धलेखन, बाजूला चार प्लास्टिकची स्टुलं. वडापाव आपण आधीपासून खात होतो, पण तो उभ्याने. आई-वडिलांशिवाय, चौघींनी पैसे जमवून, बसून, प्लेटमध्ये काट्या-चमच्याने खाल्लेला पहिला पदार्थ आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या बाबतीत याच गाडीवरचा हाफ व्हेज हाका नूडल्स होता.

इतिहासाच्या बाई पाच गुणांसाठी 'कारणे द्या' विचारायच्या. मी इंजिनिअरिंगला गेले आणि इतिहास सुटला, पण ती सवय राहिली. तेव्हा प्रश्न असा : डोंबिवलीत चायनीजच्या गाड्या आल्या, कारणे द्या.

उत्तराची सुरुवात कोलकात्यापासून करावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉरन हेस्टिंग्जच्या काळात टाँग अच्यू नावाचा एक चिनी व्यापारी हुगळीकाठी बजबजजवळ जमीन घेऊन ऊस लावायला आला. त्याच्या नावावरून त्या जागेला आजही अचिपूर म्हणतात. पुढे कोलकात्यात वेगवेगळ्या चिनी प्रांतांतले लोक येत गेले आणि धंदे वाटले गेले. कँटनकडचे सुतार झाले, हुपेकडचे दातांचे वैद्य झाले आणि हाका समाजाने कातडी कमावण्याचा उद्योग धरला. हे काम इथल्या जातिव्यवस्थेने खालचं ठरवलेलं असल्यामुळे त्यात परक्यांना जागा मिळाली. त्यांची वस्ती म्हणजे टांगरा. आपण मेनूकार्डावर 'हाका' वाचतो तेव्हा ते या समाजाचं नाव असतं, नूडल्सच्या जाडीचं नव्हे.

मुंबईतही चिनी वस्ती होती. गोदीमुळे खलाशी आले आणि माझगाव, कामाठीपुऱ्याच्या बाजूला राहिले. माझगावात १९१९ साली बांधलेलं सी यूप मंदिर अजून उभं आहे. भायखळ्याला उतरून जाता येतं. आपल्या मराठी घरांत मात्र चीन दोनच वाटांनी आला होता. एक वाट सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. ते १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. दुसरी वाट १९६२ च्या युद्धाची.

त्या युद्धाचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. युद्ध सुरू झाल्यावर भारतातल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना, मुलाबाळांसकट, राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांत आसाम आणि दार्जिलिंगकडचे लोक बरेच होते. अनेकांचा जन्म इथलाच होता. युद्ध महिन्याभरात थांबलं, पण काही कुटुंबं १९६७ पर्यंत आत राहिली. सुटून आल्यावर कित्येकांची घरं आणि दुकानं त्यांची राहिली नव्हती. बरेच जण देश सोडून कॅनडाकडे गेले. जे उरले त्यांच्यापैकी अनेकांना तगवलं ते हॉटेलांनी आणि ब्यूटी पार्लरांनी. ज्यांच्याशी बोलायला लोक बिचकत होते, त्यांच्या हातचं खायला मात्र येत होते. पुढे १९९६ मध्ये, आपण दहावीच्या निकालाच्या काळजीत होतो त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टांगऱ्यातले चामड्याचे कारखाने हलवायचा आदेश दिला आणि टांगऱ्याची ओळख आणखीच हॉटेलांवर आली.

आता मंचुरियन. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश, पण हा पदार्थ तिथे कुणाला माहीत नाही. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईला आले. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एका गिऱ्हाइकाने काहीतरी वेगळं मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची आपल्याकडच्यासारखीच परतली, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने रस दाट केला आणि त्यात कोंबडीचे तळलेले गोळे सोडले. ही हकिगत वाँग यांनीच सांगितलेली आहे. ऐंशीच्या दशकात त्यांनी केम्प्स कॉर्नरला 'चायना गार्डन' काढलं. कोंबडीच्या जागी फ्लॉवर किंवा कोबी-गाजराची भजी आली की तो पदार्थ थेट आपल्या गल्लीत उतरतो.

'शेजवान'चीही अशीच गोष्ट. सत्तरच्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या 'गोल्डन ड्रॅगन'ने सिचुआन प्रांताचं तिखट जेवण मुंबईत आणलं. गाडीपर्यंत पोचेस्तोवर त्याची लसूण आणि लाल मिरचीची चटणी झाली. सिचुआनच्या जेवणाचा प्राण असलेलं, जिभेला झिणझिण्या आणणारं 'ह्वाज्याव' तिच्यात नसतं. गंमत म्हणजे ह्वाज्यावचं सख्खं भावंड आपल्या घरात होतं. कोकणातली आजी बांगड्याच्या आमटीत घालते ते तिरफळ वनस्पतिशास्त्रात त्याच कुळातलं, झँथोझायलम याच नावाचं. आणि मिरची तर त्यांचीही नाही आणि आपलीही नाही. ती अमेरिका खंडातून समुद्रमार्गे दोघांकडे आली.

इथवर मुंबईचं झालं. डोंबिवलीचं कारण वेगळं आहे आणि ते रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. ठाण्यापर्यंतची गाडी १८५३ ची, कल्याणपर्यंतची १८५४ ची. त्या रुळांनी वसवलेल्या आपल्या गावात ऐंशी-नव्वदच्या दशकांत दोघंही नोकरी करणारी घरं वाढली. रात्री आठ-साडेआठला लोकलमधून उतरणाऱ्या बाईला घरी जाऊन पुन्हा ओट्याशी उभं राहायचं असे. पोळी-भाजी केंद्रं याच गरजेतून वाढली, आणि चायनीजचं पार्सलही. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, मॅगी बाजारात आली. मुलांच्या जिभेला नूडल्स हा प्रकार ओळखीचा झालाच होता. शिवाय एक सोय होती. ज्या घरांत अंडंसुद्धा शिजत नसे त्या घरांतली मुलं गाडीवर जाऊन चिकन खाऊ शकत होती, आणि त्याच गाडीवर शेजारी बसून दुसरं कुणी बिनकांद्या-लसणीचं जैन चायनीज मागू शकत होतं. एका तव्यावर हे जमवायला पोटजातींची सभा भरवावी लागली असती. गाडीवाल्याने ते कढई पुसून जमवलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे मला त्या मेनूकार्डाचं कौतुक जास्त आहे. साठ पदार्थ लिहिलेले असतात, पण नीट पाहिलं तर तो गुणाकार आहे. भात, नूडल्स, सूप, तळलेले गोळे हे चार पाये. शेजवान, मंचुरियन, चिली, हाँगकाँग ही चार वळणं. व्हेज, अंडं, चिकन हे तीन पर्याय. चार गुणिले चार गुणिले तीन, अठ्ठेचाळीस झालेच. वर ट्रिपल शेजवान आणि चायनीज भेळ. भाज्या दुपारीच चिरलेल्या, भात आणि नूडल्स आधीच शिजवून तेलाचा हात लावून गार केलेले. गार भाताचा दाणा घट्ट होतो, म्हणून मोठ्या आचेवर तो मोडत नाही. ऑर्डर आल्यावर उरतं ते फक्त तीन-चार मिनिटांचं परतणं. दुकानाचं भाडं नाही, कोबी-गाजर स्वस्त, मांस थोडं, चव सॉसची. वीस रुपयांत पोट भरायचं ते या हिशेबामुळे.

आपल्या आयांचा सगळा रोष अजिनोमोटोवर होता. अजिनोमोटो हे जपानी कंपनीचं नाव. १९०८ साली टोकियोचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. पिकलेल्या टोमॅटोत तेच नैसर्गिकरीत्या असतं. आयांची खरी काळजी वेगळी होती आणि ती बरोबर होती : बादलीतलं पाणी, तळणीचं तेच तेच तेल आणि भडक लाल रंग.

पण या इतिहासातला जो माणूस आपल्या सगळ्यात जवळ उभा होता, त्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे. गाडीवर चिनी माणूस कधीच नव्हता. नेपाळ, दार्जिलिंग, ईशान्य भारत, कधी उत्तर प्रदेश, कधी कोकणातून आलेला एखादा पोरगा. मोठ्या हॉटेलात भांडी घासता घासता कढई उडवायला शिकलेला, आणि रात्री बारानंतर गाडीशेजारीच झोपणारा. गिऱ्हाइकं त्याला सरसकट 'बहादूर' म्हणायची किंवा चेहऱ्यावरून वाईट शब्दाने हाक मारायची. त्याने चिडून कढई आपटल्याचं मी पाहिलेलं नाही. जून २०२० मध्ये गलवाननंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी पदार्थांवर आणि ते विकणाऱ्या हॉटेलांवर बंदीची मागणी केली, तेव्हा मला देवळी आठवली. बंदी आली नाही. आली असती तर बीजिंगला त्याचा पत्ताही लागला नसता. उपाशी राहिला असता तो हा पोरगा.

गाड्यांविरुद्धच्या तक्रारी खोट्या नाहीत. ठाणे आणि कल्याण पट्ट्यात काही गाड्यांच्या आडोशाला दारू चालते, स्त्रियांना त्या कोपऱ्यावरून जाणं नको होतं, पदपथ अडतात. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा-मंदिरांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. मात्र २०१४ च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण, परवाना आणि ठरवून दिलेली जागा हेही लिहिलेलं आहे. कारवाईची गाडी येते तेव्हा त्या कायद्याचा पहिला अर्धा भाग कुणाला आठवत नाही. नळाचं पाणी, परवाना आणि नावाची पाटी असलेली गाडी ही अशक्य गोष्ट नाही. पाटीवर खरं नाव असलं तर 'बहादूर' म्हणणंही आपोआप थांबेल.

मुलीला घेऊन मी माझगावचं मंदिर पाहून आले. तिने विचारलं, "आई, मग हे जेवण चायनीज आहे की आपलं?" मी तिला कोलकात्यापासून डोंबिवलीपर्यंतचा नकाशा काढून दाखवला. तिने तो पाहिला आणि म्हणाली की यात सगळ्यांचीच नावं आहेत, फक्त आपल्या कोपऱ्यावरच्या दादाचं नाही. त्या संध्याकाळी पार्सल घ्यायला गेल्यावर तिने ते विचारून घेतलं. खासगी गोष्ट म्हणून इथे छापत नाही, पण मेळाव्याला याल तेव्हा संध्याकाळी सगळे मिळून तिकडेच जाऊ. सर आणि बाई, तुम्हीसुद्धा. तुम्ही त्यालाच विचारा.