कोल्हापूरला समुद्र नाही, पण आरमार होतं. मालवणच्या खडकांतून शिडाची जहाजं जायची तरी कशी?

शाहूपुरी म्हटलं की कोल्हापूरकराला गुळाची पेठ आठवते, नाहीतर मध्यवर्ती बसस्थानक. याच स्टँडवरून मालवणची एसटी पकडली की घाट उतरून साधारण दीडशे किलोमीटरवर समुद्र लागतो. विकेंडला मालवणला जाणारी बरीचशी पोरं याच रस्त्याने जातात, सिंधुदुर्ग किल्ला बघतात, स्कूबाचा व्हिडिओ टाकतात आणि सुरमई खाऊन परत येतात.

पण एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. ज्या सिंधुदुर्गासमोर सेल्फी काढला जातो, तो किल्ला आणि ते बंदर कधीकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींच्या ताब्यात होतं. कोल्हापूरचं स्वतःचं आरमार होतं. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांना ‘मालवणचे चाचे’ म्हणून शिव्या घातलेल्या सापडतात. शिव्या घालण्याचं कारण सरळ होतं. ही जहाजं माल लुटायची आणि खडकांच्या आत पळून जायची. मागे यायची सोय नव्हती.

आता प्रश्न असा, की यांची जहाजं जिथून जायची तिथून इंग्रजांची का जात नव्हती? समुद्र तर तोच होता.

आधी मालवणचा समुद्र समजून घ्या

कोकणात समुद्रातल्या खडकांना खडपं म्हणतात. मालवणच्या किनाऱ्यालगत अशी खडपं जागोजागी आहेत. काही कायम पाण्यावर दिसतात, काही फक्त ओहोटीला डोकं वर काढतात आणि काही कधीच दिसत नाहीत. सगळ्यात धोकादायक ही तिसरी.

याच खडकांमधल्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये काम पूर्ण झालं. बेट साधारण ४८ एकरांचं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. शेजारी पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट आणि कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी सर्जेकोट. पद्मगडाकडे ओहोटीला चालत जाता येतं, यावरून इथलं पाणी किती उथळ आहे याचा अंदाज येईल.

आज होडीने किल्ल्यावर जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. होडी सरळ न जाता मध्येच वळसा घेते, तेव्हा पर्यटकांना वाटतं तांडेल मुद्दाम फिरवतोय. तो खडपं चुकवत असतो.

सगळा खेळ बुडाचा

कुठलंही जहाज तरंगताना त्याचा काही भाग पाण्याखाली असतो. त्या खोलीला ड्राफ्ट म्हणतात. जहाजाचा ड्राफ्ट दोन मीटर असेल आणि पाणी दीड मीटर असेल, तर पुढे काय होणार हे सांगायला नको.

युरोपातून येणारी व्यापारी जहाजं महासागर ओलांडण्यासाठी बांधलेली असायची. पोट खोल, माल भरपूर. भरलेलं मोठं जहाज चार-पाच मीटर सहज खाली बसायचं. उलट मराठ्यांच्या आरमारातली मुख्य जहाजं दोन प्रकारची होती, गुराब आणि गलबत. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात त्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची. लांबीच्या मानाने रुंद, पुढे निमुळती होत गेलेली आणि मुद्दाम फार कमी पाण्यात चालेल अशी बांधलेली. गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांच्या वर, त्याला त्रिकोणी शीड आणि वर चाळीस-पन्नास वल्ही.

ही वल्ही फार महत्त्वाची. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही. आजची आधुनिक याटसुद्धा वाऱ्याच्या दिशेपासून साधारण ४५ अंशांपर्यंतच वर जाते. मग समोरून वारा असेल तर नागमोडी जावं लागतं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मोकळ्या समुद्रात हे ठीक आहे. दोन खडकांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत नागमोडी जायला जागाच नसते. तिथे शीड उतरवून वल्ही मारायची. वारा पडला की हीच गलबतं दोरी टाकून गुराबांना ओढत न्यायची. आजच्या याटीत हे काम इंजिन करतं, बाकी अक्कल तीच.

चौकोनी शिडांच्या जहाजाला तर वाऱ्याच्या जवळ जाणं आणखी अवघड. म्हणजे पोट खोल, वळायला जड आणि वल्ही नाहीत. अशा जहाजाने मालवणच्या खडपांत शिरणं म्हणजे बुलेट ट्रेन बोळात घालण्यासारखं.

खांदेरीला इंग्रजांनी हे अंगावर घेतलं होतं

१६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेला खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडाशीच किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रजांनी ‘रिव्हेंज’ नावाचं मोठं जहाज आणि इतर छोटी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. दिवसा समुद्र इंग्रजांचा. रात्र झाली की किनाऱ्यावरून लहान होड्या निघायच्या, उथळ पाण्यातून सरकत बेटावर दाणागोटा आणि माणसं पोहोचवायच्या आणि उजाडायच्या आत परत यायच्या. मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलागच करता यायचा नाही. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला केला, त्यात इंग्रजांची एक गुराब मराठ्यांच्या हाती लागली. तोफांच्या हिशोबात इंग्रज वरचढ होते, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

मग आजचा माणूस खडकांतून होडी कशी नेतो?

लक्षद्वीप असो, मालदीव असो की पॅसिफिकमधली बेटं, प्रवाळाच्या उथळ पाण्यात याट नेणारे लोक काही साधे नियम पाळतात. त्यातले बरेचसे कोकणातल्या तांडेलांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत.

पहिला नियम सूर्याचा. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच आत शिरायचं, साधारण सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान. सूर्य समोर असेल तर पाणी आरशासारखं चमकतं आणि खालचं काही दिसत नाही. प्रकाश नीट असेल तर पाण्याचा रंगच खोली सांगतो. गडद निळं म्हणजे खोल. हिरवट म्हणजे मध्यम. फिकट, पांढरट म्हणजे उथळ वाळू. तपकिरी किंवा काळपट ठिपका दिसला की तिथे खडक किंवा प्रवाळ, सुकाणू फिरवा. एक जण पोलराइज्ड गॉगल घालून होडीच्या नाळेवर, म्हणजे सगळ्यात पुढे, उभा राहतो आणि हाताने खुणा करतो. जितकं उंच उभं राहाल तितकं चांगलं दिसतं, म्हणून काही जण डोलकाठीवर चढतात.

मालवणला मात्र ही रंगांची युक्ती पूर्ण चालत नाही. इथलं पाणी लक्षद्वीपसारखं काचेसारखं स्वच्छ नाही, नद्या गाळ आणतात. म्हणून इथे दुसरी पद्धत जास्त कामाची. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या. पुढची खूण म्हणजे एखादं देऊळ किंवा माड, मागची म्हणजे डोंगराचं टोक. दोन्ही एकामागे एक दिसतायत तोवर होडी सुरक्षित वाटेवर. एक जरी बाजूला सरकली तर आपण सरकलोय. जीपीएस नव्हतं तेव्हा हेच जीपीएस होतं. फक्त ते डोक्यात साठवलेलं असायचं आणि परक्या खलाशाला कुणी सांगायचं नाही.

पाणी किती आहे हे बघायला शिशाचा गोळा बांधलेली दोरी टाकायची आणि वाव मोजायचे. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. आज हे काम इको साउंडर करतो. पण त्याची एक गंमत आहे, तो होडीच्या खालचं पाणी सांगतो, पुढचं नाही. प्रवाळाची भिंत अनेकदा सरळ उभी असते. साउंडर वीस मीटर दाखवतोय आणि पुढच्या क्षणी धडक, असं होऊ शकतं.

आणि सगळ्यात मोठा नियम भरतीचा. आत शिरायचं ते पाणी चढत असताना. अडकलात तरी थोड्या वेळात वाढतं पाणी होडीला उचलून देईल. ओहोटी लागल्यावर अडकलात तर होडी कलंडते आणि पुढच्या भरतीपर्यंत तशीच राहते. उधाणाच्या भरतीच्या ऐन शिगेला अडकण्यासारखा गाढवपणा नाही, कारण तेवढं पाणी परत यायला कमीत कमी पंधरा दिवस लागतात.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब कॅलेंडरवर बसतो. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. किनाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाजाला पुरतं. मालवणकडे भरती-ओहोटीतला फरक मुंबईपेक्षा कमी, उधाणाला साधारण दोन मीटरच्या घरात. ऐकायला कमी वाटतं. एक मीटर बुडाच्या होडीसाठी तो जाणं आणि न जाणं यातला फरक आहे.

कोकण किनाऱ्याला निसर्गाने एक सोय करून ठेवलीय. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. म्हणजे सकाळी वाऱ्यावर बाहेर जायचं, तेव्हा सूर्य पूर्वेला, पाठीमागे. दुपारनंतर वाऱ्यावरच परत यायचं, तेव्हा सूर्य पश्चिमेला, पुन्हा पाठीमागे. जाता-येता दोन्ही वेळेस खडक दिसतात. पावसाळ्यात मात्र हे सगळं गणित बंद. किल्ल्यावरच्या होड्याही मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत बंद असतात.

एवढी टेक्नॉलॉजी आहे, मग आता काय टेन्शन?

टेन्शन आहे. २९ नोव्हेंबर २०१४ ची रात्र. व्होल्वो ओशन रेस ही जगातली सगळ्यात नावाजलेल्या शिडाच्या शर्यतींपैकी एक. केपटाऊन ते अबुधाबी टप्प्यात ‘टीम वेस्टास विंड’ ही अत्याधुनिक याट हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराहोस नावाच्या प्रवाळ बेटांवर जाऊन आदळली. ती बेटं नकाशावर होती. पण इलेक्ट्रॉनिक नकाशा पुरेसा झूम न केल्यामुळे तिथे उथळ खडक आहे हे दिसलंच नाही. नऊही जण वाचले, करोडोंची याट खडकावर चढून बसली. गुगल मॅप्सवर झूम आउट केलं की आपली गल्ली गायब होते, तसंच हे.

म्हणून आज उथळ बेटांत फिरणारे लोक नकाशासोबत उपग्रहाचे फोटोही जवळ ठेवतात. होडीही विचार करून निवडतात. चाळीस फुटी एका सांगाड्याची याट दोन मीटरच्या आसपास खाली बसते. दोन सांगाड्यांची कॅटामरान साधारण एक मीटरच. कॅटामरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आलाय, म्हणजे बांधलेली लाकडं. काही याटींची कील, म्हणजे होडीचा तळाचा कणा, ज्याला कोकणातले सुतार पठाण म्हणतात, वर उचलून घेता येते.

भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका मात्र वेगळ्या जातीची. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेली ५६ फुटी नौका. हिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. ती खवळलेल्या दक्षिण महासागरासाठी बनलेली आहे, खडपांत फिरण्यासाठी नाही.

कोल्हापूरचं आरमार गेलं कुठे?

१७६५ मध्ये इंग्रजांनी तयारीनिशी येऊन सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवलं. पण किल्ला सांभाळणं परवडेना. तेव्हा कोल्हापूरचा कारभार महाराणी जिजाबाईंच्या हातात होता. वर्षभरात, १७६६ मध्ये, साधारण तीन लाख ऐंशी हजार रुपयांच्या बोलीवर आणि व्यापाराला त्रास न देण्याच्या अटीवर किल्ला परत मिळाला. रुपये कबूल झाले, त्रास काही थांबला नाही. शेवटी १८१२ च्या तहात कोल्हापूरने मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट इंग्रजांना दिले आणि लढाऊ जहाजं ठेवणार नाही असं लिहून दिलं. कोल्हापूरचा समुद्र तिथे संपला. शाहूपुरीची पेठ त्यानंतर ८३ वर्षांनी, १८९५ मध्ये वसली.

आता धोका उलट बाजूने आहे

पूर्वी खडक जहाजं फोडायचे. आता जहाजं खडक फोडतायत. मालवणच्या खडपांवर जिवंत प्रवाळ आहेत, दगडासारखे गोल गठ्ठे दिसतात ते. ते वर्षाला मिलिमीटरच्या हिशोबाने वाढतात. नांगर एकदा त्यावरून घासला की अनेक वर्षांची वाढ एका मिनिटात जाते. नियम म्हणून नांगर वाळूतच टाकायचा किंवा कायमच्या बोयाला होडी बांधायची. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे, तुकडा उचलून घरी नेणंसुद्धा गुन्हा.

१९८७ मध्ये इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग आणि पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. स्थानिक मच्छीमारांचा याला सुरुवातीपासून विरोध आहे आणि त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जाळं टाकलं, तिथेच परवानगी मागायची का, हा त्यांचा सवाल. दुसरीकडे पर्यटकांच्या होड्या रोज त्याच पाण्यात नांगर टाकतात.

थोडं दक्षिणेला निवती रॉकजवळ तर नौदलाची निवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ बुडवून तिथे कृत्रिम प्रवाळ भित्ती आणि पाण्याखालचं संग्रहालय करायचा राज्य सरकारचा प्रकल्प आहे. गुलदार १२ जानेवारी २०२४ ला सेवेतून निवृत्त झाली. योगायोग बघा, ती रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारी नौका होती. म्हणजे तीसुद्धा मुद्दाम उथळ पाण्यासाठीच बांधलेली.