लहरींची वाटणी

भ्रमणध्वनीच्या पिढ्यांचा इतिहास वेगाच्या आकड्यांत सांगण्याची रीत पडली आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आम्हांला तो वाटणीचा इतिहास दिसतो. रेडिओलहरींचा पट्टा मोजका, बोलणारे असंख्य. मग कोणी, केव्हा आणि किती जागेत बोलायचे?

पहिल्या पिढीचे उत्तर जमीनदारी थाटाचे होते. १९८३ साली शिकागोत सुरू झालेल्या पद्धतीत पट्ट्याचे ३० किलोहर्ट्‌झचे तुकडे पाडले होते. संभाषण संपेपर्यंत तुकडा एकट्याचा. तो मध्येच गप्प बसला तरी दुसऱ्यास मिळायचा नाही! तेच तुकडे दूरच्या वस्तीत पुन्हा वापरता येत, म्हणून निभावले.

दुसऱ्या पिढीने गिरणीची युक्ती उचलली. १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम पद्धतीत २०० किलोहर्ट्‌झच्या एका लहरीवर आठ जण पाळीने बोलतात. एकाच मागावर तीन पाळ्यांचे कामगार राबतात, तसेच हे. फक्त येथली पाळी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशी बोलले, ते याच पद्धतीने. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे पडत, हे तरुण श्रोत्यांना खरे वाटणार नाही.

याहून विलक्षण युक्ती अमेरिकेतील क्वालकॉम कंपनीने व्यवहारात आणली. तुकडे नकोत, पाळ्या नकोत. सर्वांनी एकदमच बोलावे, मात्र प्रत्येकाचा संकेत निराळा. गर्दीच्या फलाटावर दहा भाषांच्या कालव्यातून आपली मराठी आपण वेचून घेतो ना, तसे. अडचण एकच. मनोऱ्याजवळचा फोन जोराने बोलला की लांबच्याचा आवाज बुडतो. म्हणून मनोरा प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा बजावतो : आवाज चढव, आवाज उतरव. (एवढी शिस्त आमच्या एकाही सभेला लाभली नाही.) २००१ साली जपानात आलेली तिसरी पिढी याच तत्त्वावर उभी होती, तिथे हे बजावणे सेकंदाला १,५०० वेळा चाले.

चौथी पिढी २००९ साली स्टॉकहोम व ऑस्लो येथे आली. तिने पट्ट्याचे १५ किलोहर्ट्‌झचे बारीक धागे केले आणि ते कोणाला द्यायचे हे सेकंदाच्या दर हजाराव्या हिश्शाला नव्याने ठरवू लागली. ठरवणारा मुकादम मनोऱ्यातच बसलेला. ज्याची लहर त्या क्षणी चांगली, त्याला तो झुकते माप देतो. पण दुबळ्याला अगदी उपाशी ठेवणार नाही, असे त्याचे गणित बहुधा बसवलेले असते. आपल्याकडे २०२२ च्या ऑक्टोबरात आलेली पाचवी पिढीही याच घराण्यातली.

हे झाले यंत्रातले वाटप. यंत्राबाहेर काय? फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, नभोलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पुढे २००८ साली सरकारने त्याच मालमत्तेचे परवाने ‘जो आधी येईल त्याला’ या न्यायाने वाटले. मनोऱ्यातला मुकादमसुद्धा इतके ढोबळ वाटप करीत नाही. २ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने त्यांतले १२२ परवाने रद्द केले.