पुसलेली सही

माझा एक जुना विद्यार्थी संगणकावर फोटो जोडून तसबिरी बनवतो आणि उरुसात विकतो. एका बाजूला काबा, दुसऱ्या बाजूला मदिन्याचा हिरवा घुमट, वर चंद्रकोर. परवा त्याने विचारले, "सर, मक्का-मदिना एका चौकटीत दाखवणे म्हणजे खोटेपणा का?"

या दोन शहरांत रस्त्याने सुमारे 450 किलोमीटरचे अंतर आहे, हे तसबीर विकत घेणाऱ्या आजीबाईंनाही माहीत असते. त्या नकाशा घेत नाहीत, जियारतीची ओढ घरी नेतात. त्यामुळे फसवणूक जोडण्यात नाही, असे मला वाटते.

फोटो जोडणे हे काही संगणकाने शिकवलेले नाही. फोटोशॉप बाजारात आले 1990 साली. त्याच्या कितीतरी आधी, 1857 मध्ये, रेजलँडर या छायाचित्रकाराने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक मोठे चित्र इंग्लंडात मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडले. त्यावर वाद झाला, पण राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली.

आपल्या पवित्र शहरांची छायाचित्रेही अशीच घडली. इजिप्तच्या लष्करातील अभियंता मुहम्मद सादिक बे यांनी 1861 मध्ये मदिन्याचे आणि 1880 मध्ये मक्केचे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या एका काचेत सगळा हरम मावत नव्हता. म्हणून त्यांनी वेगवेगळे फोटो शेजारी शेजारी जोडून विस्तीर्ण दृश्य तयार केले. 1881 मध्ये व्हेनिसच्या भूगोल परिषदेत त्यांना सुवर्णपदक मिळाले. पुढे 1907 च्या सुमारास दिल्लीच्या चांदणी चौकातील एच. ए. मिर्झा अँड सन्स यांनी हजचे फोटो उर्दू ओळींसह छापून विकले. म्हणजे हा धंदाही आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे.

मात्र याच इतिहासात एक खरा खोटेपणा आहे. मक्केतील हकीम सय्यद अब्दुल गफ्फार हे मक्केचेच रहिवासी आणि छायाचित्रकार. डच विद्वान स्नूक हुर्ग्रोन्ये 1885 मध्ये काही काळ त्यांच्याकडे राहिले. मक्का सोडावी लागल्यावर ते युरोपात परतले आणि गफ्फार त्यांना फोटो पाठवत राहिले. त्या फोटोंवर सुंदर अरबी अक्षरांत त्यांची सही होती. हुर्ग्रोन्ये यांनी 1889 मध्ये हे फोटो छापले तेव्हा ती सही काढून टाकलेली होती. चित्र राहिले, माणूस गेला. मक्केच्या त्या पहिल्या स्थानिक छायाचित्रकाराचे नाव जगाला कळायला मग फार वर्षे लागली.

म्हणून मी विद्यार्थ्याला म्हटले, "बेटा, जोडायला हरकत नाही. पण ज्याचा फोटो घेतलास त्याचा हक मारू नकोस. हीसुद्धा अमानत आहे."

तो म्हणाला, "सर, मी तर नेटवरून घेतो. तिथे नावच नसते."

मी म्हणालो, "मग तो फोटो घेऊ नकोस. दरवर्षी आपल्या गावातून हजला माणसे जातात, मोबाइलवर फोटो काढून आणतात. त्यांच्याकडे जा, परवानगी माग, आणि तसबिरीच्या मागे त्यांचे नाव लिही."

तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "आमच्या मोहल्ल्यातल्या हाजीसाहेबांकडे आहेत फोटो. विचारतो."