नारू, हापसा आणि टीसीएलची बादली

पावसाळ्याच्या सुरुवातीला वर्गात पाण्यावरचा धडा चालू होता. मुलांना विचारलं, घरी प्यायला कुठलं पाणी वापरता? बहुतेकांनी नळाचं सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, नल के पानी कू दवा की बास आती. अम्मी बावडी का पानी लाती." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. ज्या वासामुळे तिच्या घरात नळाचं पाणी बाजूला पडतं, तो वास म्हणजे त्या पाण्यात जंतुनाशक पडल्याची खूण. हे त्या माउलीला कुणी सांगितलेलंच नाही. मग वाटलं, आपल्या भागातल्या पिण्याच्या पाण्याचा इतिहास एकदा नीट मांडावा.

कंधारला पाण्याचा वारसा मोठा आहे. राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव, किल्ल्याभोवतीचा खंदक, आतल्या महालांतले हौद, शेजारून वाहणारी मन्याड. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मुघल, आसफजाही अशा अनेक राजवटी इथे आल्या आणि गेल्या. पाणी साठवायची कला आपल्या पूर्वजांना उत्तम अवगत होती. पण खंदक शत्रूला अडवण्यासाठी होता आणि हौद महालासाठी. रयत पाणी प्यायची ते नदीचं, आडाचं आणि पायऱ्यांच्या विहिरीचं.

या पायऱ्यांच्या विहिरीतच नारूचं मूळ होतं. आजच्या मुलांना हा शब्दही ठाऊक नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते पायाकडे बोट दाखवतील. पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात नारूची अळी असे. ते पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षभराने पायातून हातभर, कधी त्याहून लांब जंत बाहेर येई. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा ओढायचा. आग थांबावी म्हणून रोगी पाय विहिरीत बुडवी आणि जंताच्या नव्या अळ्या त्याच पाण्यात पडत. पेरणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की त्या वर्षीचं पीक गेलंच समजा.

सरकारने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. या रोगावर लस नव्हती, खात्रीचं औषधही नव्हतं. कामं साधी होती: पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्या, विहिरीच्या पायऱ्या बंद करा, पाण्यात किडेनाशक टाका, हापसे बसवा, गावोगाव फिरून रोगी शोधा. १९९६ मध्ये राजस्थानात देशातला शेवटचा रोगी आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

यात हापशाचा वाटा मोठा होता, आणि त्या हापशाच्या इतिहासात आपल्या मराठवाड्याचं नाव आहे. १९६० च्या दशकात आणि पुढे १९७२ च्या दुष्काळात कठीण खडकात बोअर घेणं वाढलं. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप एका घराच्या वापरासाठी घडवलेले होते. अख्खं गाव दिवसभर हापसू लागल्यावर ते मोडत. जालन्यात आणि मग सोलापुरात मिशनच्या मंडळींनी पोलादी, दणकट हापसे तयार केले. सोलापूरच्या त्या नमुन्यावरून युनिसेफ आणि भारत सरकार यांच्या प्रयत्नांतून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क दोन' हा हापसा आला. तो पुढे आफ्रिकेपर्यंत पोहोचला.

याच काळातली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली, तेव्हा बसवलेल्या हापशांपैकी बहुतांश बंद आढळले. बोअरला पाणी होतं, सरकारचा पैसाही खर्च झाला होता, पण वायसर बदलणारा माणूस कुणी नेमलेलाच नव्हता. म्हणून नव्या हापशासोबत व्यवस्थाही ठरवावी लागली: गावात लक्ष ठेवणारा एक जण, तालुक्याला मेकॅनिक, जिल्ह्याला दुरुस्तीचं पथक. पाणी आणणं हे एक काम आणि पाणी राखणं हे दुसरं. पहिल्याचं उद्‌घाटन होतं, दुसऱ्याला रोज उठून हात लावावा लागतो.

बोअरने नारू आणि पटकीपासून वाचवलं, पण खडकातलं फ्लोराईडही वर आणलं. नांदेड हा महाराष्ट्रातल्या फ्लोराईडबाधित जिल्ह्यांपैकी एक. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर आधी दातांवर डाग पडतात, पुढे हाडं वाकतात. त्याला ना चव, ना वास. ते फक्त तपासणीत कळतं. म्हणजे राखण्याच्या कामात तपासणीही आली.

आज जलजीवन मिशन आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट आहे. पण टाकीतलं पाणी शुद्ध ठेवतो तो ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ टाकीत ओतायचं, अर्धा-एक तास थांबायचं आणि मग पाणी सोडायचं. पावडर उघडी राहिली की तिचा जोर उडून जातो. आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आपल्याकडे विहीर वक्फ करण्याची परंपरा जुनी आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिनेतली रूमा विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण वक्फमध्ये देणाऱ्याइतकाच सांभाळणारा मुतवल्लीही लागतो. मशिदीच्या हौदामागे जमिनीचं उत्पन्न लावून दिलं जाई, ते याच कारणासाठी. आज उन्हाळ्यात आपले तरुण चौकाचौकांत सबील लावतात, चांगलं करतात. त्याच तरुणांनी ग्रामसभेत उभं राहून विचारावं: टीसीएलचा साठा आहे का? पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला? जलसुरक्षकाचं मानधन वेळेवर मिळतं का?

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात नळाच्या पाण्याची ओटी चाचणी केली. थेंब टाकताच पाणी पिवळं झालं, म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक होतं. मग त्या मुलीने घरून बाटलीत आणलेलं बावडीचं पाणी घेतलं. रंग बदलला नाही. ती बराच वेळ दोन्ही नळ्यांकडे बघत राहिली. मी तिला सांगितलं, हे उद्या अम्मीला दाखवायला शाळेत बोलव.