विमानांसह सागरी युद्धखेळ : नवशिक्यांनी नियमावली कशी निवडावी?

लघुप्रतिकृतींचा सागरी युद्धखेळ म्हणजे टेबलावर छोट्या युद्धनौका मांडून फासे आणि मोजपट्टीच्या आधारे खेळलेली लढाई. इंग्लंडमध्ये फ्रेड जेन यांनी १८९८ मध्ये असा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा विमाने नव्हती. ती आल्यावर नियम गुंतागुंतीचे झाले. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांतही हा खेळ दोघांना घरी खेळता येतो. मात्र पहिली नियमावली जड निघाली, तर डाव अर्धवट राहतो आणि बहुतेकदा खेळच सुटतो.

अडचण कुठे येते?

मुख्य अडचण वेगाची आहे. मुंबईत २००१ ते २०१२ या काळात संग्रहालय म्हणून अनेकांनी पाहिलेली ‘आयएनएस विक्रांत’ ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाने जाई. तिच्यावरची सी हॉक विमाने त्याच्या जवळपास वीसपट वेगाने उडत. नौका एका पाळीत १० सेंटिमीटर सरकली, तर विमान २ मीटर जाईल, म्हणजे टेबलाबाहेर!

दुसरी अडचण अंतराची. मे १९४२ मधील कोरल समुद्राच्या लढाईत दोन्ही बाजूंच्या नौकांनी एकमेकींना पाहिलेही नाही. हल्ले केले ते विमानांनी. म्हणून विमानवाहू नौका टेबलावर शत्रूसमोर उभी करणे सहसा चुकीचे ठरते.

नियमावलीत काय पाहावे?

- विमानवाहू नौका टेबलाबाहेर ठेवण्याची सोय आहे का?
- विमाने एकेक न मोजता तुकडीने मोजली जातात का?
- हल्ल्याचा क्रम छोटा आहे का? आधी विमानवेधी तोफा, मग बाँब किंवा पाणतीर, मग परतणे, एवढे पुरे.
- एका नौकेची सर्व माहिती एका कार्डावर मावते का?
- साधे सहा बाजूंचे फासे चालतात का?
- विमानांचा भाग वगळूनही डाव होतो का? पहिले दोन डाव तसेच खेळावेत.

काही परिचित पर्याय

‘ॲक्सिस अँड अलाईज : वॉर ॲट सी’ (२००७) सर्वांत सोपा. मोठ्या घरांच्या नकाशावर खेळ होतो, त्यामुळे मोजपट्टी लागत नाही. पण त्याचे उत्पादन बंद झाले आहे. ‘व्हिक्टरी ॲट सी’ (२००६, वॉरलॉर्ड गेम्सची आवृत्ती २०२०) मध्यम आहे, दोन-तीन डावांत हात बसतो. फ्लेचर प्रॅट यांच्या जुन्या खेळात अंतर नजरेने ओळखून तोफा डागतात. मजा येते, पण मोठी फरशी आणि बरेच खेळाडू लागतात.

महागड्या प्रतिकृती आधी घेऊ नयेत. १:३००० प्रमाणात विक्रांत सुमारे ७ सेंटिमीटरची होते. पुठ्ठा कापून ती घरीच बनते. नियम इंग्रजीत असतील, तर पाळीचा क्रम एका पानावर मराठीत लिहून टेबलावर ठेवावा.

पहिला डाव आणि नियमांची परीक्षा

सुरुवातीला दुसरे महायुद्ध निवडावे, कारण तेव्हाची विमाने तुलनेने संथ होती. २६ मे १९४१ चा प्रसंग सोयीचा आहे : ‘आर्क रॉयल’वरून निघालेल्या १५ स्वोर्डफिश विमानांनी जर्मन ‘बिस्मार्क’वर हल्ला केला आणि एका पाणतीराने तिचे सुकाणू अडकले.

टेबलावर एकटी बिस्मार्क ठेवा. तीन-तीन विमानांच्या पाच तुकड्या करा. आर्क रॉयल टेबलाबाहेर राहील. आठ पाळ्यांत सुकाणू शाबूत ठेवून बिस्मार्क समोरच्या कडेला पोहोचली, तर जर्मन बाजू जिंकली.

प्रत्यक्षात त्या हल्ल्यात तोफांनी एकही विमान पाडले नव्हते. तीन-चार डाव खेळून पाहा. दर वेळी निम्मी विमाने पडत असतील, तर त्या नियमावलीत विमानवेधी तोफा अवाजवी बलवान आहेत. आणि तीन विमानांचा हल्ला सोडवायला दहा मिनिटे लागत असतील, तर ती नियमावली सध्या बाजूला ठेवावी.