तळटीप : ब्रिटनमधील फूड बँक
फूड बँक म्हणजे गरजू घरांना फुकट शिधा देणारे केंद्र. ब्रिटनमधील सर्वांत मोठे जाळे ट्रसेल या संस्थेचे. तिचे पहिले केंद्र 2000 साली सॉल्झबरी शहरात निघाले. येथे सहसा थेट जाऊन शिधा मिळत नाही. डॉक्टर, शाळा, समाजसेवक किंवा सल्ला केंद्राची चिठ्ठी लागते. ती दाखवली की किमान तीन दिवस पुरेल इतके सामान हाती पडते : सुपाचे व बीन्सचे डबे, पास्ता, तांदूळ, चहा, टिकाऊ दूध. गॅस-विजेला पैसे नसलेल्यांसाठी नुसत्या उकळत्या पाण्यावर तयार होणाऱ्या पदार्थांची वेगळी पिशवीही काही केंद्रे देतात. श्रीमंत देशातही चूल पेटवणे न परवडणारी घरे आहेत, हे या पिशवीइतके स्वच्छ दुसऱ्या कशाने क्वचितच कळते.

मागणीचे मूळ बहुतांशी अपुऱ्या उत्पन्नात आहे. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे सरकारी साहाय्य अर्जानंतर पहिल्यांदा हाती यायला साधारण पाच आठवडे लागतात. मधल्या काळात घेतलेली उचल पुढे हप्त्यांनी कापली जाते. नोकरी असूनही भागत नाही, अशीही घरे येतात. 2023-24 मध्ये ट्रसेलच्या केंद्रांनी सुमारे 31 लाख शिधापेट्या दिल्या. हा आकडा उपासमारीचे माप मात्र नव्हे. मुलांना वाढून स्वतः उपाशी राहणारे कितीतरी आईबाप संकोचाने केंद्राची पायरी चढतच नाहीत. त्यामुळे 2019 पासून तेथील सरकारी कौटुंबिक पाहणीत मागील 30 दिवसांतील अन्नटंचाईविषयी घरोघरी थेट प्रश्न विचारले जातात.